पाण्याखालची नजर

[मासे धरणारा माणूस आपले बहुतेक काम न पाहताच करतो. पाण्यात काय चालले आहे, हे त्याला वरून दिसत नाही. आता पाण्यात सोडता येणारा छोटा कॅमेरा सामान्य माणसालाही परवडू लागला आहे. तो कसा चालतो, कोठे उपयोगी पडतो, कोठे निरुपयोगी ठरतो आणि तो हाती आल्यावर कोणती जबाबदारी येते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.]

शेतकरी आपले पीक रोज डोळ्यांनी पाहतो. पान पिवळे पडले, की त्याला लगेच कळते. मेंढपाळ संध्याकाळी मेंढरे मोजून वाड्यात घेतो. मासे धरणाऱ्याचे तसे नसते. त्याचे सारे धन पाण्याखाली असते. जाळे कोठे टाकावे, गळ किती खोल सोडावा, हे तो अनुभवाने ठरवतो. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, वर येणारे बुडबुडे, पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी या खुणांवरून तो अंदाज बांधतो. अंदाज खरा ठरला, तर जाळे भरते. चुकला, तर दिवस वाया जातो.

तुम्ही म्हणाल, मासेमारी तर समुद्रावर चालते, तिच्याशी आपला काय संबंध? तिसगावचेच उदाहरण घ्या. तिसगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातले गाव. या जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते. हा भाग पर्जन्यछायेचा आहे. येथे पाऊस कमी आणि समुद्र फार दूर. तरीही मासे येथे परके नाहीत. वायव्येला राहुरी तालुक्यात मुळा नदीवरचे धरण आहे. उत्तरेला गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी शेवगाव आणि नेवासे तालुक्यांपर्यंत पसरलेले आहे. या दोन्ही जलाशयांत मासेमारी चालते. शिवाय १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात जागोजागी पाझर तलाव झाले. अलीकडच्या काळात अनेक शेतकऱ्यांनी शेततळी खोदली. त्यांत प्लास्टिकचा जाड कागद अंथरून ते पाणी साठवतात आणि काही जण त्याच पाण्यात मासेही वाढवतात.

समजा, अशाच एका शेततळ्याच्या काठावर सकाळी एक मुलगा आणि त्याचे वडील उभे आहेत. तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ या माशांची बोटुकली सोडून सहा महिने झाले आहेत.

“अब्बा, आपल्या तळ्यात आता किती मासे असतील?” मुलगा विचारतो.

“एक हजार बोटुकली सोडली होती, बेटा. त्यांतली किती जगली, ते अल्लाहलाच ठाऊक.”

“तुम्ही रोज खाद्य टाकता, ते सगळे खातात का?”

“पाणी ढवळते, म्हणजे खात असतील.”

“आणि जे तळाशी जाऊन पडते ते?”

अब्बा काहीच बोलत नाहीत. कारण याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही.

हा प्रश्न लहान वाटतो, पण त्यात शेतकऱ्याचे मोठे नुकसान दडलेले असते. माशांचे खाद्य विकत घ्यावे लागते. ते न खाता तळाशी पडले, तर पैसा पाण्यात जातोच. पण तेवढ्यावर भागत नाही. ते खाद्य तळाशी कुजते. कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. रात्री सूर्यप्रकाश नसल्यामुळे पाण्यातील शेवाळही प्राणवायू तयार करत नाही, उलट तो वापरते. त्यामुळे पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. अशा वेळी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. वेळीच उपाय झाला नाही, तर एका रात्रीत सगळे तळे मरते. म्हणून तळाशी काय चालले आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे.

पाण्याखाली पाहण्याची माणसाची धडपड जुनी आहे. भूमध्य समुद्रात स्पंज काढणारे ग्रीक लोक तळाला काच बसवलेले नळकांडे पाण्यात धरून खाली पाहत असत. वाऱ्यामुळे पाण्यावर लाटा उठतात आणि उजेड परतून डोळ्यांवर येतो. काच पाण्यात बुडवली, की ही अडचण दूर होते आणि तळ दिसू लागतो. पत्र्याच्या डब्याचा तळ कापून तेथे काच घट्ट बसवली, तर असे साधन आजही तयार होते. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा हाच पूर्वज म्हणता येईल.

१८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने एक धाडसी प्रयोग केला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ येथे त्याने कॅमेरा एका पेटीत बंद करून समुद्रात सोडला. पेटी सुमारे साडेपाच मीटर खोल गेली. वर होडीत बसून त्याने दोरीने पेटीची झडप उघडली आणि सुमारे दहा मिनिटे ती उघडी ठेवली. पेटीत पाणी शिरले. तरीही चित्राची काच वाचली आणि तिच्यावर समुद्रतळाचे अंधुक चित्र उमटले. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रे काढली. त्यांच्या कॅमेऱ्याची जलरोधक पेटी त्यांच्या भावाने तयार केली होती. त्यानंतर कितीतरी वर्षे असे कॅमेरे फक्त शास्त्रज्ञ आणि श्रीमंत हौशी लोक यांच्याकडेच असत. मोबाइल फोन घरोघरी पोहोचले, तेव्हा छोट्या कॅमेऱ्यांचे उत्पादन प्रचंड वाढले आणि त्यांची किंमत घसरली. त्याचा फायदा मासेमारीलाही झाला.

मासेमारीसाठी वापरायचा स्वस्त कॅमेरा अगदी साधा असतो. मुठीत मावेल एवढ्या जलरोधक कवचात एक भिंग असते. भिंगाभोवती बारीक दिवे असतात. कवचाला जाड तार जोडलेली असते. तारेचे दुसरे टोक वर एका छोट्या पडद्याला आणि बॅटरीला जोडतात. कॅमेरा हलका असेल, तर तो सरळ खाली जावा म्हणून त्याला शिशाचे वजन बांधतात. मोबाइलला जोडायचा, नळीच्या टोकावर बसवलेला बारीक कॅमेरा तर याहूनही स्वस्त मिळतो. मात्र अशा कॅमेऱ्यावर ‘आयपी ६७’ अशी खूण असेल, तर तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. ते उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकेल, एवढीच ती हमी आहे. १० मीटर खोल गेल्यावर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका जादा दाब पडतो. अशा वेळी स्वस्त कवच टिकत नाही. कवचाच्या जोडावर रबरी कडे बसवलेले असते. त्याच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला, तरी पाणी आत शिरते. म्हणून कॅमेरा पाण्यात सोडण्याआधी ते कडे पुसून घ्यावे लागते. खाऱ्या पाण्यातून काढलेला कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा लागतो.

तुमच्या मनात प्रश्न येईल, की आजच्या काळात तारेची काय गरज? मोबाइलप्रमाणे चित्र बिनतारी का येत नाही? याचे कारण पाणी हेच आहे. मोबाइल ज्या रेडिओ लहरींवर चालतो, त्या लहरी हवेत दूरवर जातात. परंतु पाण्यात थोड्याच अंतरावर विरून जातात. म्हणून पाण्याखालचे चित्र वर आणण्यासाठी तारच लागते.

पाणी प्रकाशाचीही अशीच अडवणूक करते. सूर्यप्रकाशातील सर्व रंग पाण्यात सारखे खोल जात नाहीत. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. त्यानंतर नारिंगी आणि पिवळा रंग जातो. स्वच्छ समुद्रात निळा रंग सर्वांत खोल पोहोचतो. गळाला लावलेले लालभडक आमिष खोल पाण्यात काळपट दिसते, ते यामुळेच.

आणखी एक गंमत आहे. भांड्याच्या तळाशी नाणे ठेवा आणि त्यात पाणी ओता. नाणे वर आल्यासारखे वाटते. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून असे घडते. कॅमेऱ्याच्या सपाट काचेतूनही पाण्यातील वस्तू जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. पडद्यावर ४० सेंटीमीटरचा भासणारा मासा प्रत्यक्षात ३० सेंटीमीटरचाच असतो. तेव्हा मासा हाती येईपर्यंत त्याच्या लांबीच्या बढाया मारू नयेत!

पण सर्वांत मोठी अडचण गढूळपणाची आहे. पावसाळ्यात ओढ्यांचे पाणी माती घेऊन तलावात येते. तेव्हा कॅमेऱ्याला समोर पिवळसर धुक्याखेरीज काही दिसत नाही. कॅमेऱ्याचे दिवे लावले, तर स्थिती आणखी बिघडते. धुक्यात मोटारीचे दिवे लावले, की समोर पांढरी भिंत उभी राहते. तसेच येथे होते. पाण्यातील प्रत्येक कण चमकतो आणि मासा त्यामागे लपतो.

मग कॅमेरा विकत घेण्यापूर्वी आपले पाणी त्याला योग्य आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी सोपी युक्ती आहे. १८६५ मध्ये इटलीतील अँजेलो सेकी या धर्मगुरू शास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्याचा पारदर्शकपणा मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. आज तिला सेकी तबकडी म्हणतात. तलावासाठी २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी घेतात. तिचे चार भाग करून त्यांना आळीपाळीने काळा आणि पांढरा रंग देतात. मध्यभागी दोरी बांधतात, खाली वजन लावतात आणि दोरीवर दर १० सेंटीमीटरवर खुणा करतात. तबकडी हळूहळू पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होईल, तेथे दोरीवरची खूण पाहायची. मग ती वर ओढायची आणि पुन्हा दिसू लागेल, तेथली खूण पाहायची. या दोन मापांची सरासरी म्हणजे पाण्याचा पारदर्शकपणा.

आपल्या गोष्टीतील मुलानेही जुन्या ताटलीला रंग देऊन अशी तबकडी केली, असे समजू या. अब्बांचा हात धरून त्याने ती तळ्यात सोडली.

“अब्बा, ३५ सेंटीमीटरवर ती दिसेनाशी झाली. आपले पाणी खराब आहे का?”

“पाणी हिरवट दिसते आहे, बेटा. गढूळ तर नाही.”

अब्बांचे निरीक्षण बरोबर आहे. कटला, रोहू यांसारख्या माशांच्या तळ्यात पारदर्शकपणा साधारण ३० ते ४० सेंटीमीटर असणे चांगले मानतात. पाण्याला हिरवट रंग देणारे सूक्ष्म जीव हेच माशांचे नैसर्गिक अन्न असते. तळ्यातील पाणी अगदी नितळ असेल, तर माशांना पाण्यातून मिळणारे अन्न कमी पडते. पाणी गर्द हिरवे झाले, तर पहाटे प्राणवायू कमी पडण्याचा धोका असतो. म्हणजे माशांसाठी जे पाणी उत्तम, त्यात कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचेही दिसत नाही! अशा तळ्यात कॅमेऱ्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा काही पैशांत होणारी ही तबकडीच अधिक उपयोगी आहे. आणि अब्बांच्या त्या प्रश्नाचे काय? खाद्य एका उथळ परडीत ठेवून ती दोरीने पाण्यात सोडावी. दोन तासांनी वर काढून पाहावी. परडीत खाद्य उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी टाकावे. परडीच्या अगदी जवळ कॅमेरा बांधता आला, तर खाणारे मासेही दिसतील. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. त्यामुळे कोणत्या थरात कोण आले, हे पाहून प्रत्येकाची खबर घेता येईल.

जेथे पाणी नितळ असते, तेथे मात्र कॅमेरा खूप कामाचा ठरतो. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात सरोवरे गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. बर्फाखालचे पाणी संथ आणि स्वच्छ असते. तेथे गळाजवळ कॅमेरा सोडून मासा येतो की नाही, हे पाहतात. नॉर्वेमध्ये समुद्रात मोठमोठ्या जाळ्यांचे पिंजरे करून सामन मासे वाढवतात. तेथील कामगार पडद्यावर माशांकडे पाहत खाद्य सोडतात आणि माशांची भूक भागली, की खाद्य थांबवतात. आपल्याकडेही धरणांच्या पाण्यात पिंजरे लावून मासे वाढवतात. अशा पिंजऱ्याचे जाळे कोठे फाटले आहे का, हे पाण्यात उडी न मारता पाहता येते. कोकणात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा दर्या हिवाळ्यात बराच स्वच्छ असतो. पाण्यात बुडी मारून प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी तेथे दूरदूरचे लोक येतात. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कॅमेऱ्यामुळे तेथील मासे कोणालाही न मारता पाहता येतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कॅमेरा जवळचे पाहतो. दूरचे मासे शोधण्यासाठी मोठ्या बोटींवर ध्वनीचे यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून माशांचा थवा ओळखते. जपानमध्ये १९४८ मध्ये असे यंत्र बाजारात आले. आवाज गढूळ पाण्यातूनही जातो. पण हा मासा कोणता, त्याच्या पोटात अंडी आहेत का, हे तो सांगू शकत नाही. कॅमेरा निदान मासा कोणता आणि केवढा, एवढे तरी दाखवतो.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाण्याखालचे दिसू लागले, की माणूस त्याचे काय करील? आपल्याच किनाऱ्यावर याचा कडू अनुभव आलेला आहे. काही बोटींवर विजेचे जनित्र ठेवून प्रखर एलईडी दिवे लावतात. त्या उजेडाकडे मासे झुंडीने येतात. मग मोठे जाळे टाकून लहानमोठे सर्व मासे एकदम उचलतात. छोट्या होडीतून जाणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याला फार थोडे उरते. म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपल्या सागरी आर्थिक क्षेत्रात अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये महाराष्ट्रानेही आपल्या सागरी मासेमारीच्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. दिवा तोच, पाहण्यासाठी वापरला तर ज्ञान मिळते, भुलवण्यासाठी वापरला तर समुद्र ओस पडतो.

गोड्या पाण्यातही हाच नियम लागू आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात नद्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते आपण होऊन प्रजनन करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीज भरपूर मिळू लागले. आजही १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण नदीतले आणि धरणातले सर्वच मासे काही इंजेक्शनने जन्मत नाहीत. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी गर्दी करून आलेले, अंड्यांनी भरलेले मासे कॅमेऱ्यात दिसले, म्हणून ते धरले, तर पुढच्या वर्षी त्या पाण्यात काय दिसेल? एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात.

एक सूचना सर्व विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावी. शेततळ्यावर किंवा तलावावर एकट्याने कधीही जाऊ नये. प्लास्टिकचा कागद ओला झाला, की अतिशय निसरडा होतो. त्यावर पाय घसरला, तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण असावे. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवावी. कॅमेरा पाण्यात पडला, तरी त्याच्यामागे उडी मारू नये. कॅमेरा पुन्हा घेता येतो.

कॅमेऱ्याने पाण्यातला एकही मासा वाढत नाही. तो फक्त दाखवतो. लहान मासा दिसला, तर जाळे मोठ्या छिद्रांचे घ्यावे. अंड्यांवर आलेली मादी दिसली, तर त्या जागी जाळे टाकू नये. खाद्य उरलेले दिसले, तर हात आखडता घ्यावा. एवढे जो करील, त्याच्या पाण्यात पुढच्या वर्षीही मासे असतील आणि त्याच्या मुलांनाही ते पाहायला मिळतील.

शब्दार्थ

पर्जन्यछाया – डोंगरांच्या आडोशामुळे कमी पाऊस पडणारा भाग
जलाशय – धरणामुळे साठलेले मोठे पाणी
पाझर तलाव – पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधलेला तलाव
बोटुकली – बोटाएवढी वाढलेली माशाची पिल्ले
मत्स्यबीज – तळ्यात सोडण्यासाठी तयार केलेली माशांची पिल्ले
आमिष – गळाला लावलेले खाद्य
जलरोधक – पाणी आत शिरू न देणारे
गढूळ – माती मिसळलेले (पाणी)
नितळ – तळ दिसेल असे स्वच्छ
परडी – उथळ टोपली
प्रतिध्वनी – आदळून परत आलेला आवाज
थवा – समूह
दर्या – समुद्र

वाक्प्रचार

अंदाज बांधणे – खुणांवरून तर्क करणे
वाया जाणे – फुकट जाणे
बढाया मारणे – फुशारकी सांगणे
खबर घेणे – विचारपूस करणे, माहिती घेणे
हात आखडता घेणे – खर्च किंवा वापर कमी करणे
ओस पडणे – रिकामे होणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) तिसगाव कोणत्या तालुक्यात आहे?
(२) पाण्यातील प्राणवायू कोणत्या वेळी सर्वांत कमी असतो?
(३) पाण्यात कोणता रंग सर्वांत आधी नाहीसा होतो?
(४) सेकी तबकडीने काय मोजतात?
(५) राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन कधी पाळतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) तळाशी पडलेल्या खाद्यामुळे शेतकऱ्याचे कोणते नुकसान होते?
(२) पाण्याखालच्या कॅमेऱ्याला तार का लागते?
(३) गढूळ पाण्यात कॅमेऱ्याचे दिवे लावल्यावर काय होते?
(४) एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी का घालावी लागली?

प्र. ३. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(१) रोहू पाण्याच्या ________ थरात अन्न शोधतो. (वरच्या, मधल्या, तळाच्या)
(२) विल्यम थॉम्पसनने ________ मध्ये पाण्याखाली चित्र घेतले. (१८५६, १८६५, १८९३)
(३) तलावासाठी सेकी तबकडीचा व्यास ________ सेंटीमीटर असतो. (१०, २०, ४०)

प्र. ४. जोड्या लावा.
‘अ’ गट: (१) लुई बुताँ (२) अँजेलो सेकी (३) डॉ. हिरालाल चौधरी (४) नॉर्वे
‘ब’ गट: (अ) पारदर्शकपणाची तबकडी (आ) सामन माशांचे पिंजरे (इ) पाण्यात उतरून काढलेली छायाचित्रे (ई) माशांचे प्रेरित प्रजनन

प्र. ५. कारण लिहा.
(१) माशांसाठी जे पाणी उत्तम, त्यात कॅमेऱ्याला फारसे दिसत नाही.
(२) शेततळ्यावर एकट्याने जाऊ नये.

प्र. ६. आठ-दहा ओळींत उत्तर लिहा.
‘कॅमेरा फक्त दाखवतो. पुढे काय करायचे, ते माणसाने ठरवायचे असते.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

भाषाभ्यास

(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. उदा., तो मासा, ती होडी, ते जाळे. उर्दूत ‘पानी’ पुल्लिंगी आहे, मराठीत ‘पाणी’ नपुंसकलिंगी आहे. खालील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
तळे, तबकडी, गळ, खाद्य, परडी, कॅमेरा, धरण, दोरी

(आ) काही शब्द उर्दूत आणि मराठीत सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाच्या बाजूला. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. उर्दूत ‘दर्या’ म्हणजे नदी. हे दोन्ही शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य तयार करा.

(इ) नजर, बाजार, किनारा, हजार, खबर हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. या पाठातून किंवा इतरत्र असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

(ई) वाक्याचा काळ बदला.
(१) अब्बा तळ्यात खाद्य टाकतात. (भूतकाळ करा.)
(२) मुलाने तबकडी पाण्यात सोडली. (भविष्यकाळ करा.)

उपक्रम

शिक्षकांच्या मदतीने सेकी तबकडी तयार करा. शाळेच्या पाण्याच्या टाकीतील पाणी बादलीत घेऊन त्यात थोडी थोडी माती मिसळा. तबकडीऐवजी पांढरे बटण दोऱ्याला बांधून बादलीत सोडा. प्रत्येक वेळी ते किती खोलीवर दिसेनासे होते, ते मोजून वहीत तक्ता तयार करा.